यंत्राची किल्ली आणि मास्तरांची बदनामी

गेल्या गणेशोत्सवात आमच्या येथील मराठी मंडळात एक परिसंवाद झाला. महाराष्ट्रापासून दीड दिवसाच्या रेल्वेप्रवासावर असलेल्या या गावी मंडळाचा शिरस्ता ठरलेला आहे. व्यासपीठावर चौघे, समोर चाळीस आणि प्रसादाच्या वेळी दोनशे. विषय होता 'शाळा आणि नवी यंत्रे'. चारही वक्ते सरकारी अधिकारी, दोन सेवेतले व दोन निवृत्त. चौघांची शैली निरनिराळी, परंतु निष्कर्ष एकच. यंत्रे आली, पैसा आला, परिपत्रके निघाली, मास्तर मात्र जागचा हलला नाही. सोन्याचे ताट पुढे मांडले तरी आमचा मास्तर पत्रावळच शोधीत बसणार, असे म्हणून शेवटच्या वक्त्यांनी तर सभा जिंकली. टाळ्या वाजल्या. त्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे. मागच्या रांगेत एक निवृत्त शिक्षक बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि ते रागावलेलेही दिसले नाहीत. हा शेरा त्यांनी पूर्वी पुष्कळदा ऐकलेला असावा.

घरी परतताना आम्हांला पूर्वीच्या नेमणुकीच्या ठिकाणी आमच्या टेबलावरून गेलेली एक जुनी धारिका आठवली, आणि वाजवलेली टाळी हातास टोचू लागली. प्रस्तुत लेख त्या टोचणीतून उतरला आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, या देशातील शाळांत पहिले संगणक आले तेव्हा मास्तराने यंत्र नाकारले हा समज खोटा आहे. त्याला ते दिलेच गेले नव्हते. यंत्र शाळेला मिळाले, किल्ली कपाटात गेली आणि जबाबदारी तेवढी मास्तराच्या गळ्यात पडली. ही वाटणी ज्यांनी केली ते हात तुमच्याआमच्यासारख्या कारकून-अधिकाऱ्यांचे होते. (मास्तर म्हणताना शाळेतील बाईंनाही आम्ही त्यात धरतो, हे सांगणे नलगे.)

ही हकीकत चाळीस वर्षांपूर्वी सुरू होते. १९८४-८५ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने, शिक्षण मंत्रालय आणि एनसीईआरटी यांच्या सहकार्याने, शाळांतील संगणक-साक्षरतेची एक योजना हाती घेतली. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून तिचे नाव 'क्लास' असे ठेवले होते. आद्याक्षरांतून शब्द जुळवण्याच्या विद्येत आमची खाती तेव्हाही पारंगत होती. आरंभी सुमारे २५० माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळा निवडण्यात आल्या. यंत्र निवडले ते ब्रिटनमधील 'बीबीसी मायक्रो'. तेथील नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेच्या संगणक-साक्षरता प्रकल्पासाठी एकॉर्न कंपनीने १९८१ साली ते बाजारात आणले होते. पुढे आठव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात योजनेचा विस्तार झाला. १९९८ पर्यंत २,५९८ शाळा तिच्या कक्षेत आल्या आणि बीबीसी मायक्रो जातीची एकूण १२,००० यंत्रे देशात वाटली गेली, असा सरकारी हिशेब आहे. भागाकार आमच्या हाडीमासी खिळलेला असल्यामुळे तो येथेच करून टाकतो. शाळेमागे पाच यंत्रेही पडत नाहीत, आणि वर्गात मुले चाळीस ते पन्नास.

आता ते यंत्र कसे होते हे ध्यानी घ्या, म्हणजे त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या मास्तराची अवस्था कळेल. आजचा संगणक चित्रे दाखवून माणसाला हाताशी धरून चालवतो. बीबीसी मायक्रो तसा नव्हता. कळफलक हेच त्याचे सारे अंग, आणि पडदा म्हणून बहुधा दूरचित्रवाणीचा संच जोडायचा. बटण दाबले की एक शीळ वाजे, काळ्या पडद्यावर नावाच्या दोन ओळी उमटत आणि त्यांच्याखाली एक बाण व लुकलुकणारी रेघ एवढेच राही. पुढे काय करायचे ते यंत्र सांगत नसे. आज्ञा आपण द्यायची, ती बेसिक नावाच्या भाषेत द्यायची आणि एक अक्षर चुकले की 'चूक' एवढाच इंग्रजी शेरा परत घ्यायचा. स्मरण सारे ३२ किलोबाइटचे. आजच्या भ्रमणध्वनीवरचे एक साधे छायाचित्रही त्यात मावणार नाही. संगणकक्रम लवचिक तबकडीवर नसेल तर टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून आत घ्यावा लागे. त्यास मिनिटे लागत, आणि टेपचा आवाज कमीजास्त असला तर सारे पुन्हा पहिल्यापासून. मध्येच वीज गेली तर लिहिलेले सर्व नाहीसे. आपल्याकडील विजेचा लौकिक वाचकांस ठाऊकच आहे.

चाळीस मिनिटांच्या तासात हे सारे मांडून, पन्नास मुलांना पाच कळफलकांभोवती बसवून, शिवाय तासाचा विषय शिकवायचा होता. ज्याला आयुष्यात फळ्यावर चुकीचे उत्तर लिहिण्याची भीती कधी वाटली नव्हती, अशा माणसाला हे यंत्र मुलांदेखत चूक ठरवीत होते. मास्तराचे भांडवल म्हणजे वर्गातला त्याचा शब्द. तो शब्द पणाला लावण्याआधी त्याला एकांतात चुकण्याची मुभा हवी होती. कोणतीही नवी विद्या प्रौढ माणूस अशीच शिकतो. सायकल शिकणारा गृहस्थ भर बाजारपेठेत प्रथम चढत नाही, पहाटे मैदान गाठतो.

हे पहाटेचे मैदान मास्तरास कधी मिळाले काय? प्रशिक्षण झाले, नाही असे नाही. तंत्रशिक्षणाच्या मोठ्या संस्थांतून त्यासाठी केंद्रे नेमली होती आणि शाळांतील निवडक शिक्षकांना काही आठवडे तेथे धाडण्यात येत होते. ते बहुतेक गणित-विज्ञानाचे असत. तेथे त्यांना यंत्राचे भाग, बेसिकच्या आज्ञा, तयार संगणकक्रम अशी ओळख करून देण्यात आली. या ओळखीत खोट नव्हती, परंतु ती यंत्राची ओळख होती. माझा उद्याचा धडा या यंत्राने अधिक चांगला कसा होईल, हा मास्तराचा एकमेव प्रश्न. त्याचे उत्तर अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांजवळ असण्याचे कारणच नव्हते, कारण तो धडा त्यांनी कधी घेतला नव्हता. शाळेत परतल्यावर तर संगणक वेळापत्रकात नव्हता, परीक्षेत नव्हता आणि मास्तराच्या रोजच्या टाचणातही नव्हता. शाळेच्या अंगावर तो कोटाच्या खिशातल्या रुमालासारखा राहिला. दिसतो छान, पण नाक पुसायला काढीत नाहीत.

याच सुमारास सरकारला आणखी एक शोध लागला होता, तोही येथे नोंदवला पाहिजे. १९८७ साली केंद्राने 'ऑपरेशन ब्लॅकबोर्ड' सुरू केले. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळ्यासहित किमान साहित्य मिळावे, हा तिचा हेतू होता. एका दाराने सूक्ष्मसंगणक आत येत होता आणि दुसऱ्या दारापाशी फळ्याची वाट पाहणे चालू होते. आम्ही यास विसंगती म्हणून हसत नाही. गरीब देशास दोन्ही कामे एकदम करावी लागतात. परंतु जेथे फळा ही मौल्यवान वस्तू आहे, तेथे संगणक ही देव्हाऱ्यातली वस्तू होणार, हे आपण ओळखावयास हवे होते. देव्हाऱ्यातल्या वस्तूचे जे होते तेच झाले. खोलीला पडदे लागले, बाहेर जोडे काढण्याची पाटी लागली, यंत्रावर शिवलेले आच्छादन आले आणि दाराला कुलूप आले.

येथे त्या धारिकेकडे वळतो. एका दूरच्या गावच्या शाळेतील निरुपयोगी वस्तूंच्या निर्लेखनाचा तो प्रस्ताव होता. यादीत मोडकी बाके होती, पंखे होते आणि 'सूक्ष्मसंगणक, कळफलकासह, नग ४' अशी एक नोंद होती. जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात संगणक-खोलीची वापर-नोंदवहीही बांधून आली होती. आम्ही ती सहज चाळली. १९८७ च्या पावसाळ्यातील पानांवर एकाच शिक्षकाची सही आठवड्यातून तीनदा भेटत होती. ते भूगोल शिकवीत. प्रशिक्षणास गेलेल्या शिक्षकांत ते नव्हते. सहकाऱ्याच्या शेजारी बसून ते शिकलेले दिसत होते. 'प्रयोजन' या रकान्यात 'गावचे पर्जन्यमान, आलेख' असे लिहिलेले. शाळेच्या आवारातील पर्जन्यमापकावर मुले रोज पाऊस मोजीत आणि ते आकडे यंत्रात घालून त्यांचे उभे स्तंभ काढून पाहत, असा उलगडा पुढच्या कागदावरून होत होता.

हा पुढचा कागद म्हणजे ज्ञापन. कळफलकाची एक कळ तुटली होती. खोलीचा वापर शाळेच्या वेळेनंतर, प्रशिक्षित शिक्षक हजर नसताना का केला आणि झालेल्या नुकसानीची वसुली आपणाकडून का करू नये, याचे स्पष्टीकरण सात दिवसांत मागवले होते. शिक्षकांचे उत्तर पाच ओळींचे होते. दोन मुले एकदम आकडे घालण्यास धावली, चूक त्यांची नसून आपली आहे, भरपाई करण्यास आपण तयार आहोत. एकशे चाळीस रुपये दोन हप्त्यांत कापून घेण्यात आले. त्यानंतर नोंदवहीत त्यांची सही नाही. दुसऱ्याही कोणाची नाही. दर तिमाहीला 'यंत्रे तपासली, ठीक आहेत' एवढी एक ओळ वर्षानुवर्षे येत राहते, आणि शेवटी ती ठीक असलेली यंत्रे निरुपयोगी म्हणून आमच्या टेबलावर येतात.

त्या ज्ञापनाचा मसुदा आम्ही दोनदा वाचला. त्यात दोष काढण्यास जागा नव्हती. नियमाचा आधार बरोबर, भाषा संयत, मुदत वाजवी. तो आमच्याच जातीच्या कोणा कारकुनाने लिहिला होता, आणि त्या दिवशी त्याच्या खुर्चीवर आम्ही असतो तर शब्दशः तेच लिहिले असते. आम्हीही पुढे काय केले? 'निर्लेखनास हरकत नसावी' अशी टिप्पणी लिहिली आणि धारिका वर पाठवली. भूगोलाच्या त्या शिक्षकांविषयी टिप्पणीत एक शब्दही आला नाही, कारण त्यासाठी रकाना नव्हता.

वाचकहो, या नियमांचे स्वरूप आपणांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे. सामान्य वित्तीय नियमांची १९६३ ची आवृत्ती गेली, २००५ ची आली, आता २०१७ ची आहे. कोणाच्या हलगर्जीपणाने सरकारचे नुकसान झाले तर त्याला व्यक्तिशः जबाबदार धरावे, हे त्यांतील तत्त्व बदललेले नाही. राज्यांचे व स्वायत्त संस्थांचे नियमही याच वळणाचे. ते तत्त्व योग्य आहे आणि आम्ही त्याच्या विरोधात नाही. पण त्याचा प्रत्यक्ष अंमल कसा होतो ते पाहा. वापराने मोडलेल्या वस्तूचे नुकसान मोजता येते, म्हणून त्याची वसुली होते. न वापरता गंजलेल्या वस्तूचे नुकसान कोणत्याच नोंदवहीत बसत नाही, म्हणून त्याला नियमितता म्हणतात. बारा हजार यंत्रे ज्या हेतूने आणली तो हेतू बुडाल्याबद्दल कोणाची वेतनवाढ थांबल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. एकशे चाळीस रुपयांची कळ मात्र वसूल झाली.

यावर कोणी म्हणेल की दोष आमच्या देशाच्या दारिद्र्याचा आहे आणि इतरत्र असे घडले नसेल. म्हणून तीन देशांची उदाहरणे देतो. पहिले अमेरिकेचे. १९७१ साली मिनियापोलिस शहरात डॉन रॉविच नावाचा एक तरुण अध्यापनाचा सराव करीत असताना आठवीला इतिहास शिकवीत होता. पूर्वेकडून पश्चिमेस बैलगाड्यांतून निघालेल्या वसाहतवाल्यांचा प्रवास त्याला शिकवायचा होता. त्याच्याबरोबर राहणाऱ्या, गणित शिकवणाऱ्या दोघा मित्रांनी त्या धड्याचा एक संगणक-खेळ करून दिला. त्या वेळी पडदाही नव्हता. दूरच्या संगणकाला जोडलेला टंकयंत्रासारखा टेलिटाइप कागदावर उत्तरे छापी. तोच 'ओरेगॉन ट्रेल'. पुढे त्या राज्याने शाळांतील संगणकासाठी १९७३ साली जी संस्था काढली, तिच्यामार्फत तो शाळाशाळांत पोचला आणि घरगुती संगणक आल्यावर मुलांच्या एका पिढीला त्याने वेड लावले. येथे क्रम कसा आहे ते पाहा. आधी मास्तर, मग त्याचा धडा, त्यानंतर यंत्र. आपल्याकडे नेमका उलटा क्रम लागला होता.

दुसरे उदाहरण ज्या देशातून आपण यंत्र आणले त्या इंग्लंडचे. तेथे बीबीसी मायक्रो निघण्यापूर्वीच, १९८० साली, रिचर्ड फॉदरगिल यांच्या नेतृत्वाखाली शाळांसाठी एक सूक्ष्मविद्युत् शिक्षण कार्यक्रम सुरू झाला होता. तो १९८६ पर्यंत चालला. शिक्षकांचे प्रशिक्षण आणि विषयवार साहित्य हे त्याचे काम. प्राथमिक शिक्षकांसाठी 'मायक्रो प्रायमर' नावाचा एक संच त्याने काढला. पुस्तके आणि संगणकक्रमांच्या कॅसेटी त्यात असत, म्हणजे शिक्षकाने आपल्या सवडीने, आपल्या गतीने शिकावे. १९८२ च्या जानेवारीपासून दूरचित्रवाणीवर संगणकाची ओळख करून देणारी मालिका लागली, ती घरबसल्या पाहता येई. तेथेही सर्व आलबेल होते असे नाही. पण मास्तराला घरी, एकांतात चुकता आले पाहिजे, ही गोष्ट त्यांना सुचली होती. आपण तेथून यंत्र आणले, त्यामागची ही समज पुरेशी आणली नाही.

तिसरे उदाहरण फ्रान्सचे, आणि ते श्रीमंतीचा भ्रम घालवण्यास पुरेसे आहे. २५ जानेवारी १९८५ रोजी पंतप्रधान लोराँ फाबियस यांनी 'सर्वांसाठी संगणक' अशी योजना जाहीर केली. सुमारे १,२०,००० यंत्रे शाळांत जावयाची होती आणि १,१०,००० शिक्षकांना सुट्ट्यांत अल्पमुदतीचे प्रशिक्षण मिळावयाचे होते. पैसा होता, यंत्र स्वदेशी होते, राजकीय इच्छा तर ओसंडत होती. पण सारे काही महिन्यांत उरकायचे होते, आणि सुट्टीत शिकलेले वर्गात कसे वापरायचे हे सांगण्यास कोणी शिल्लक राहिले नाही. काही वर्षांतच ती योजना फसलेल्या योजनांच्या यादीत गेली. तात्पर्य, मास्तराला घाईने उरकण्याचा रोग गरिबांपुरता मर्यादित नाही.

अमेरिकेतील लॅरी क्यूबन यांनी या रोगाचे निदान १९८६ सालीच करून ठेवले आहे. ते शिक्षणाचे इतिहासकार, पण त्याआधी अनेक वर्षे शाळेत इतिहासाचे शिक्षक होते. 'टीचर्स अँड मशीन्स' या पुस्तकात त्यांनी १९२० पासून वर्गात आलेल्या चित्रपट, रेडिओ, दूरचित्रवाणी व संगणक यांचा आढावा घेतला आहे. प्रत्येक खेपेस एकच फेरा फिरतो. प्रथम जयघोष, मग यंत्र गुणकारी असल्याचे दाखले, मग वापर होत नसल्याच्या तक्रारी आणि शेवटी मास्तरास दूषणे. आमच्या मंडळाचा परिसंवाद या फेऱ्याचा चौथा टप्पा होता, एवढेच.

आता भाषेचा मुद्दा. १९८३ साली दिल्लीस जागतिक हिंदी संमेलन भरले, त्यात कानपूरच्या आयआयटीत सिद्ध झालेला देवनागरी संगणक-टर्मिनल लोकांनी पाहिला. पुढील वर्षी शाळांत गेलेले यंत्र मात्र केवळ रोमन अक्षरे जाणणारे होते. इतक्या शाळांना देशी यंत्र तेव्हा पुरवता आले असते, असा आमचा दावा नाही. परंतु हिंदी, मराठी वा उडिया माध्यमात शिकवणाऱ्या शिक्षकाला यंत्राबरोबर परक्या भाषेचीही ओळख त्याच काही आठवड्यांत करून घ्यावी लागली, हे ओझे हिशेबात कोणी धरले? परप्रांतात राहून आपली भाषा जपण्यासाठी धडपडणाऱ्या आम्हां मंडळींना तरी हे दुखणे समजावयास हवे.

या म्हणण्यावर येणारे आक्षेप आम्ही जाणतो. पहिला असा की यंत्र महाग होते आणि कुलूप लावण्यावाचून गत्यंतर नव्हते. मान्य. कुलूप असावे, पण किल्ली ज्याला शिकवायचे आहे त्याच्याकडे असावी. दवाखान्यातील औषधांच्या कपाटालाही कुलूप असते, म्हणून डॉक्टरने औषध काढताच त्याला ज्ञापन देत नाहीत. दुसरा आक्षेप असा की पुष्कळ शिक्षक खरोखरच उदासीन असतात. असतात. पुष्कळ कारकूनही असतात, आणि आमच्या ओळखीचे काही अधिकारीही. परंतु उदासीन माणसाच्या सोयीने रचलेली व्यवस्था प्रथम उत्साही माणसालाच गारद करते. भूगोलाच्या शिक्षकांची सही थांबली, ती काही उदासीनतेने नव्हे. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चांगल्या मास्तराला यंत्राची गरजच काय, खडू आणि फळा त्याला पुरे, असे म्हणणारे मास्तराचे कैवारी म्हणून मिरवतात. आम्हांला हा कैवार त्या दूषणांहून घातक वाटतो. मास्तर यंत्र वापरील की नाही हे मास्तरानेच ठरवावे. पण ते ठरवण्याआधी यंत्र त्याच्या हाती पडले पाहिजे.

आणि ते हाती पडले तर काय होते, याचा पुरावा आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिला आहे. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. ज्यांना चार दशके यंत्रविरोधी म्हणून हिणवले, त्या शिक्षकांनी काही आठवड्यांत स्वतःच्या भ्रमणध्वनीवर तास घेणे सुरू केले. घरातल्या भिंतीला फळा टेकवून, पुस्तकांच्या चळतीवर फोन उभा करून त्यांनी धडे दिले. इंटरनेटचा खर्च पुष्कळांनी पदरचा केला. त्या शिक्षणात उणिवा अनेक होत्या, आणि ज्यांच्या घरी फोन नव्हता अशा मुलांचे झालेले नुकसान विसरण्याजोगे नाही. तथापि आमच्या मुद्द्यापुरते एवढे सिद्ध झाले की मास्तर शिकू शकत होता. फरक काय पडला होता? हे यंत्र त्याच्या खिशात होते. त्याची नोंद जडसंग्रहात नव्हती, आणि त्याची कळ तुटली तर ज्ञापन येणार नव्हते.

आपल्या महाराष्ट्रातही याचा दुसरा पाठ गिरवला गेला. संगणकाची परीक्षा उत्तीर्ण व्हा, नाही तर वेतनवाढ रोखू, असा दंडक शिक्षकांना लागू झाला. त्यामुळे प्रमाणपत्रे घरोघरी झाली. परंतु वेतनवाढीच्या धाकाने घेतलेले प्रमाणपत्र आणि पावसाचा आलेख काढण्याच्या ओढीने शिकलेली विद्या यांत जे अंतर आहे, ते कोणत्याही वर्गात पाच मिनिटे बसले तरी कळते.

आज तर यंत्रांचा पूर आहे. २०१७ पासून 'दीक्षा' आहे, २०१९ पासून 'निष्ठा' आहे, म्हणजे आद्याक्षरे जुळवण्याची विद्याही टिकून आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला निदान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण ते ५० तास पडद्यावरच्या चित्रफिती पुढे ढकलून, शेवटी प्रमाणपत्र उतरवून घेण्यात जाणार असतील, तर बीबीसी मायक्रोची कथा नव्या नावाने पुन्हा लिहिली जाईल. आता वर्गात बोलका फलक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता येऊ घातली आहे. चाळीस वर्षांनी कोणी कारकून 'नग ४' अशी तिची नोंद वाचील, आणि एखाद्या गणेशोत्सवात मास्तरांवर पुन्हा टाळ्या पडतील.

हे टाळायचे तर काय करावे? आमच्या मागण्या मोजक्या आहेत आणि त्यांतील बहुतेकांस नवा पैसा लागत नाही. नवे यंत्र वर्गात जाण्यापूर्वी एक सुट्टीभर शिक्षकाच्या घरी जावे, आणि त्यासाठी त्याच्याकडून हमीपत्र न घेता साधी पोच घ्यावी. शिकवताना झालेली किरकोळ मोडतोड हा वापराचा खर्च समजावा आणि मुख्याध्यापकांना ती स्वतःच्या सहीने मंजूर करता यावी. प्रशिक्षण विषयवार असावे, शिक्षकाच्या भाषेत असावे आणि ते देणारा स्वतः वर्गावर जाणारा शिक्षक असावा. एका दमात पंधरवडा उरकण्यापेक्षा वर्षभर महिन्यातून एक दिवस मिळावा, म्हणजे मधल्या दिवसांत अडलेले विचारता येईल. आणि शेवटची मागणी आमच्याच पंथाकडे. साठ्याच्या वार्षिक तपासणीत वस्तू आहे की नाही एवढे पाहून थांबू नये. ती गेल्या वर्षात किती वेळा वापरली गेली हेही लिहावे आणि शून्य आले तर त्याचे स्पष्टीकरण मागावे. ज्ञापन काढायचेच असेल तर ते न वापरल्याबद्दल निघू दे.

हे अंक वाचणाऱ्यांत असे कितीतरी जण आहेत की ज्यांची मुले केंद्रीय विद्यालयांत शिकतात. बदलीवर जाणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मुलांसाठी ती १९६३ पासून निघाली. त्यांच्या व्यवस्थापन समित्यांवर आपल्यापैकी काहींना बसावे लागते, काहींच्या टेबलावर शाळांच्या खरेदीचे वा निर्लेखनाचे कागद येतात, काही नियमांचे मसुदे करतात. म्हणजे किल्ली आपल्याकडे आहे. मास्तरांना दूषणे देण्याचा अधिकार आपण ती हातावेगळी केल्यानंतर मागावा.

मंडळाच्या कार्यकारिणीस एक विनंती आम्ही लेखी दिली आहे, ती येथेही देतो. पुढील वर्षी याच विषयावर परिसंवाद ठेवावा आणि व्यासपीठावर मागच्या रांगेतल्या त्या शिक्षकांना प्रथम बोलवावे. तोवर ज्यांच्या टेबलावर अशी एखादी जुनी धारिका येईल, त्यांनी वसुलीचा अथवा निर्लेखनाचा मसुदा लिहिण्यापूर्वी तिच्यासोबतची वापर-नोंदवही उघडून पाहावी. आम्ही ती उघडली, वाचली आणि पुन्हा बांधून ठेवली. तेवढ्यावर थांबावयास नको होते.